नववीसाठी एक लॅपटॉप

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. पण मुंबईकर कॉम्प्युटर घ्यायला निघतो तो लॅमिंग्टन रोडलाच. रेडिओचे सुटे भाग, केबली, ट्रान्झिस्टर यांची ही जुनी पेठ, गेल्या काही दशकांत संगणकांची झाली. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि पुन्हा दिवाळीच्या आधी इथे एक ठरावीक गिऱ्हाईक दिसतं. आई किंवा वडील, सोबत आठवी-नववीतलं मूल, आणि मोबाइलवर उघडून ठेवलेला कुठल्या तरी ऑनलाइन सेलचा भाव. दुकान कुठलंही असो, मागणी तीच असते: पोराच्या अभ्यासासाठी हवाय, साधाच चालेल, वीस हजारांच्या आत काय आहे?

अशा गिऱ्हाइकापुढे बहुतेक वेळा सीलबंद खोक्यातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप येतो. नवा माल, कंपनीची एक वर्षाची वॉरंटी, हप्त्यांची सोय. ज्या घरात महिन्याला वीस-पंचवीस हजार येतात, त्या घराची ही अख्ख्या महिन्याची कमाई असते. ती घालून आणलेलं यंत्र वर्ष-दीड वर्षात असं रखडायला लागतं की मूल पुन्हा मोबाइलकडे वळतं आणि लॅपटॉप कपाटावर जातो. ओळखीच्या घरांमधून हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की या विषयावर सविस्तर लिहावं असं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. बजेट वीस हजारांच्या आत असेल तर नवा लॅपटॉप घेऊ नका. एखाद्या कार्यालयात तीन-चार वर्षं वापरलेला, दणकट बांधणीचा, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप घ्या. त्यात धोके आहेत, पण ते ओळखता येतात. स्वस्त नव्या लॅपटॉपमधला दोष मात्र यंत्रातच भरलेला असतो, तो नंतर काढता येत नाही.

आधी शाळेच्या अभ्यासाला खरोखर काय लागतं ते पाहू. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मोबाइलवर ती वाचायची म्हणजे प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून डावी-उजवीकडे सरकवत राहायचं. चौदा इंचांच्या पडद्यावर अख्खं पान एका नजरेत येतं. हा पहिला फायदा, आणि तो फार मोठा आहे. भूमितीसाठी जिओजेब्रा, विज्ञानासाठी फेट प्रकल्पाची आभासी प्रात्यक्षिकं (त्यांतली बरीच मराठीतही आहेत), प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख करून देणारं स्क्रॅच, हे सगळं ब्राउझरमध्येच चालतं. सीबीएसईच्या नववी-दहावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला तर त्यात लिब्रेऑफिससारख्या मोफत साधनांवरच काम असतं. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीला आयटी विषयाची परीक्षा संगणकावरच होते. वाणिज्य शाखेत गेलेल्याला टॅली लागेल. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही. लागतं ते इतकंच, की ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या, एक व्हिडिओ आणि एक लिहिण्याची फाइल एकाच वेळी उघडी असताना यंत्र अडकू नये, आणि कळफलकावर तासभर टंकलेखन करता यावं.

टंकलेखनाची ही दुसरी गोष्ट आपण फार हलक्यात घेतो, कारण बहुतेक घरांना कळफलकाची सवयच नव्हती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के घरांतच संगणक होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हीच शाळा झाली. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांच्यासाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली, आणि तो प्रयत्न मोलाचा होता. पण त्या काळात मुलांच्या हातात जे साधन रुजलं ते पाहण्याचं आणि ऐकण्याचं. चार पानांचा निबंध स्वतः लिहून तो दोनदा सुधारायचा, तक्त्यात प्रयोगाची निरीक्षणं भरायची, त्यावरून आलेख काढायचा, ही कामं अंगठ्यांनी होत नाहीत. लॅपटॉप घ्यायचा तो या कामांसाठी. नुसते व्हिडिओ पाहायचे असतील तर मोबाइल पुरेसा आहे, खर्चच करू नये.

शाळकरी मुलांसाठी स्वस्त यंत्र बनवावं, हा विचार एके काळी जगभर मोठ्या आशेनं झाला होता आणि त्याचा एक धागा आपल्या रायगड जिल्ह्यात येतो. एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही मोहीम जाहीर केली. किंमत ठरवली शंभर डॉलर. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये तिला नकार दिला. पण मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली खैराट या रायगडमधल्या छोट्या गावी, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत झाला. एक्सओ नावाचं ते हिरवं-पांढरं यंत्र होतं. पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून रबराचा सलग कळफलक, उन्हातही वाचता येईल असा पडदा, ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. आजही त्या पडद्याची कल्पना थक्क करते. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधी आली नाही, दोनशेच्या आसपास राहिली.

पेरू देशानं ही यंत्रं लाखोंनी घेतली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या हातात संगणक भरपूर आले, वापरही वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचणीतले गुण वाढले नाहीत. तर्क आणि आकलनाच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, इतकंच. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉप घरात आला म्हणून अभ्यास आपोआप सुधारत नाही, हे त्या आकड्यांनी सांगितलं आहे. त्याच्यासोबत काय काम द्यायचं हे शिक्षकानं आणि घरच्यांनी ठरवावं लागतं.

आपल्या सरकारनं दुसरी वाट धरली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब्लेटचं उद्घाटन केलं. डेटाविंड कंपनीचा सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, सरकारला पडणारा भाव सव्वादोन हजारांच्या घरात. पडदा दाबून वापरायच्या प्रकारचा, म्हणजे बोट नुसतं टेकवून भागत नसे. पुढच्या वर्षी ‘आकाश २’ आला, तो पुष्कळ बरा होता. आयआयटी मुंबईनं प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं त्यावर शैक्षणिक कामही खूप केलं. तरी आज ते टॅब्लेट कुठल्या शाळेत दिसत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे कारण सरळ आहे. आधी किंमत ठरली आणि मग त्या किमतीत जे बसेल ते यंत्रात बसवलं गेलं. मुलाला काय करायचं आहे, यंत्र किती वर्षं टिकायला हवं, बिघडलं तर तालुक्याच्या गावी कोण दुरुस्त करील, हे प्रश्न नंतर आले.

आजचा पंधरा-अठरा हजारांचा नवा लॅपटॉप याच हिशेबानं बनतो. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली की ते कळतं. त्यात बहुधा इंटेलचा सेलेरॉन एन-४०२० किंवा एन-४५०० असतो, दोन कोअरचा. रॅम चार जीबी, तीही बोर्डावर डाखून बसवलेली, म्हणजे पुढे वाढवता येत नाही. साठवण ६४ जीबी ईएमएमसी. हे ईएमएमसी म्हणजे साधारण मोबाइलमध्ये असते तशी स्वस्त चिप. चांगली एसएसडी तिच्यापेक्षा कित्येक पट वेगवान असते. विंडोज ११ ची किमान अट चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, म्हणून यंत्र कागदावर पात्र ठरतं. प्रत्यक्षात नुसतं चालू केल्यावरच विंडोज त्या चार जीबीमधला मोठा भाग खाऊन बसतं. अपडेट येत गेले की ६४ जीबीत जागा उरत नाही, अपडेट अडकतो, आणि मूल सांगतं की लॅपटॉप हँग होतो. दुरुस्तीच्या दुकानात नेलं तर तिथला माणूस रॅम बघतो, ईएमएमसी बघतो, आणि यात काही करता येणार नाही असं सांगतो. तो खरं सांगत असतो.

त्यातच काही स्वस्त लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये येतात. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर बसत नाही. हा मोड फुकट काढता येतो, पण ते ठाऊक नसेल तर घरी आल्यावर गोंधळ उडतो.

याच किमतीत अँड्रॉइडवर आधारलेले लॅपटॉपही आले आहेत. रिलायन्सचा जिओबुक ३१ जुलै २०२३ ला १६,४९९ रुपयांना जाहीर झाला. वजन किलोच्या आत, ११.६ इंची पडदा, चार जीबी रॅम, सिमकार्डाची सोय. प्राइमबुकही त्याच वाटेवरचा. पाचवी ते सातवीच्या मुलाला, ज्याचं काम ब्राउझर आणि अ‍ॅपपुरतं आहे, हे चालतील. पुढे अकरावीत टॅली किंवा सी++ आलं की मात्र दुसरं यंत्र घ्यावं लागेल, म्हणजे खर्च दोनदा. क्रोमबुकचं त्यातल्या त्यात बरं आहे. गुगलनं एचपीच्या साथीनं २ ऑक्टोबर २०२३ पासून चेन्नईजवळ क्रोमबुकांची जुळणी सुरू केली, आणि २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट देण्याचं धोरणही आहे. कमी ताकदीच्या यंत्रावरही ती सुरळीत चालतात. पण बहुतेक काम इंटरनेटवर अवलंबून असतं. ज्या घरात रोजचा दीड जीबी डेटा तिघांत वाटला जातो, तिथे हा विचार करूनच घ्यावं. आणि जुनं क्रोमबुक घेत असाल तर त्या मॉडेलचे अपडेट कुठल्या तारखेला थांबतात ते आधी पाहा.

आता जुन्या मालाकडे येतो, कारण खरा विषय तोच आहे.

पुणे, बेंगळुरू, हैदराबाद इथल्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी हजारो लॅपटॉप एकदम घेतात, बऱ्याचदा भाडेकरारावर. तीन-चार वर्षांनी ते सगळे एकदम बदलले जातात आणि लॉटमध्ये व्यापाऱ्यांकडे जातात. व्यापारी ते साफ करतात, एसएसडी नवी घालतात, बाहेरच्या ओरखड्यांप्रमाणे ए ग्रेड, बी ग्रेड लावतात आणि विकतात. यालाच दुकानात रिफर्बिश्ड म्हणतात. भारत सरकारच्या ई-कचरा नियमांखाली, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, असं काम करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक आणि प्रोबुक ही या बाजारातली नेहमीची नावं.

ही यंत्रं नवी असताना साठ-सत्तर हजारांची किंवा त्याहून महाग होती, आणि ती बांधलेली होती रोज आठ तास, पाच दिवस, प्रवासात आपटत वापरली जातील या हिशेबानं. बिजागरी धातूची. अनेक मॉडेलांत कळफलकावर पाणी सांडलं तर ते खाली निघून जायची वाट. रॅमसाठी स्लॉट, एसएसडी बदलता येते, तळाचे स्क्रू काढले की पंख्यातली धूळ पुसता येते. लाखोंनी विकली गेल्यामुळे त्यांच्या बॅटऱ्या, कळफलक, पडदे हे सगळे सुटे भाग सहज मिळतात. स्वस्त नव्या लॅपटॉपची प्लॅस्टिकची बिजागरी तुटली की वरचं सगळं पॅनेलच बदलायची पाळी येते. शाळकरी मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी मला ही गोष्ट वेगापेक्षाही मोठी वाटते. कळफलक चांगला असणं हीदेखील. थिंकपॅडच्या कळफलकावर टंकलेखन शिकलेलं मूल भराभर लिहायला लागतं, कारण बोटाखालची कळ नीट दबते आणि नीट वर येते.

या बाजारात गेल्या काही काळात मोठी उलथापालथ झाली ती विंडोज १० मुळे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची जादा सुरक्षा दिली गेली, तेवढंच. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या जनरेशनची, अजून उत्तम चालणारी असंख्य यंत्रं एका दिवसात मागे पडली आणि स्वस्तात बाजारात आली. इथेच फसवणूक होते. दुकानदार सांगतो की आय-फाइव्ह आहे, बाहेर पन्नास हजारांना मिळतो, तुम्हाला बारा हजारांत देतो. आय-फाइव्ह हे नाव २०१४ मध्येही होतं आणि पुढेही होतं, त्यामुळे नुसत्या नावाला अर्थ नाही. त्यापुढचा आकडा वाचायचा. आय-फाइव्ह ७२०० असेल तर सातवं जनरेशन, ६३०० असेल तर सहावं, ४३०० असेल तर चौथं. ८२५० किंवा ८३५० दिसला की आठवं. हा आकडा स्टिकरवर विश्वास ठेवून घेऊ नका, स्टिकर बाजारात सुटे मिळतात. लॅपटॉप चालू करून विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या पानावर स्वतः वाचा, शक्यतो मुलाला वाचायला लावा.

आठव्या जनरेशनमधली थिंकपॅड टी-४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, एलिटबुक ८४० जी-५ ही मॉडेलं २०१८च्या आसपासची. आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह ती साधारण चौदा ते वीस हजारांच्या दरम्यान मिळतात. भाव महिन्यागणिक आणि शहरागणिक बदलतो, म्हणून हा अंदाजच समजा. टी-४८० ची एक खासियत अशी की त्याची मागची बॅटरी हातानं काढता येते. ज्या गावात वीज चार-चार तास जाते तिथे दुसरी भरलेली बॅटरी जवळ ठेवता येणं ही चैन नव्हे.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. तासभर लागतो, तो द्यायलाच हवा. पडदा आधी पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून पाहा. पिवळट डाग, मेलेले ठिपके, कडेचा उजेड तेव्हाच दिसतो. नोटपॅड उघडून कळफलकावरची प्रत्येक कळ दाबा. पडदा हळूहळू उघडून मधल्या कुठल्याही कोनात तो थांबतो का पाहा. कॅमेरा, स्पीकर, वायफाय, सगळे यूएसबी, हेडफोनची जागा, एकेक तपासा. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची सोय आहे, दुकानदाराला तो काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी असतात. आजची निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदलून मागा, नाहीतर किमतीत दोन-तीन हजार कमी करून घ्या.

एक तपासणी फार कमी लोक करतात आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तिथे पासवर्ड मागतो का ते पाहा. मागत असेल तर ते यंत्र जुन्या कंपनीच्या कुलपातच आहे. तसंच विंडोज नव्यानं बसवताना पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला जात असेल, तर त्या यंत्राची नोंद अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. असा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आज चालेल, पण पुढे विंडोज पुन्हा बसवायची वेळ आली की बंद पडेल. कार्यालयीन लॅपटॉपमध्ये विंडोज प्रोचा परवाना बहुतेक वेळा यंत्रातच नोंदलेला असतो आणि विंडोज ११ त्यावर आपोआप खरं ठरतं. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’च्या पानावर ते दिसतं. दुकानदार जर कुठलं तरी वेगळं सॉफ्टवेअर चालवून विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून देत असेल, तर त्याला नको म्हणा. मुलाच्या यंत्रात व्हायरस येण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे.

बिल जीएसटी क्रमांकासह घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. कच्च्या बिलावर थोडे पैसे वाचतील, पण दुकानदारानं दिलेल्या वॉरंटीला मग कागदाचा आधार राहणार नाही. सात दिवसांची ‘चेकिंग वॉरंटी’ पुरेशी नाही. किमान सहा महिन्यांची, लेखी, आणि बिलावर सीरियल नंबर लिहिलेली घ्या. चार्जर तीन पिनांचा आणि त्याच कंपनीचा असावा. दोन पिनांच्या नकली चार्जरमुळे धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लहान मूल ते वापरणार आहे.

जुना लॅपटॉप सगळ्यांनाच सोयीचा पडेल असं नाही. जवळपास भरवशाचं दुकान नसेल, मुंबई-पुण्याला माल परत न्यायला दोन दिवस मोडत असतील, तर थोडं थांबून, बारावीपर्यंतचा विचार करून तीस-पस्तीस हजारांचा नवा घ्यावा. त्यात आय-थ्री १२१५-यू किंवा त्या तोडीचा रायझन ३, आठ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढं असलंच पाहिजे. मधल्या पंचवीस हजारांच्या पट्ट्यात इंटेल एन-१०० असलेले लॅपटॉप दिसतात. २०२३ मध्ये आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर जुन्या सेलेरॉनपेक्षा पुष्कळ बरा आहे. सोबत आठ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असेल तर वाईट नाही. मात्र खोक्यावर ‘एसएसडी’ लिहिलंय की ‘ईएमएमसी’, हे शब्द वाचूनच पैसे द्या. सोबत ऑफिसचा कायमचा परवाना आहे की फक्त पहिल्या वर्षापुरता, हेही विचारा.

ज्या घरात टेबल कायमचं मांडून ठेवता येतं, त्यांनी कार्यालयांतून निघालेल्या छोट्या, पुस्तकाएवढ्या डेस्कटॉपचा जरूर विचार करावा. तो जुन्या लॅपटॉपपेक्षाही स्वस्त पडतो. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र अभ्यास झाला की सगळं मिटून कपाटात ठेवावं लागतं. तिथे लॅपटॉपच हवा.

सातव्या जनरेशनचं किंवा त्याहून जुनं यंत्र घरात आधीच पडून असेल तर ते भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स घाला. उबंटू किंवा लिनक्स मिंट फुकट मिळतं, सुरक्षेचे अपडेट नियमित येतात, आणि चार-आठ जीबीच्या जुन्या यंत्रावरही ते हलकं चालतं. शाळेचं शिक्षण लिनक्सवर होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला केरळचं उदाहरण द्यावं. तिथे २००१-०२ पासून सुरू झालेला ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प आणि २०१७ पासून त्याचंच नवं रूप असलेली ‘काइट’ ही सरकारी संस्था, यांनी राज्यभरच्या सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालवले आहेत. शाळांसाठी त्यांची स्वतःची उबंटूवर आधारित आवृत्ती आहे, आणि शिक्षकांना तिचं प्रशिक्षण दिलं जातं. आपल्याकडे असं राज्यव्यापी काही झालं नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण साधनं तर आपल्या दारातच आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिब्रेऑफिस आणि लिनक्स शिकवणारे व्हिडिओ मराठी निवेदनासह तयार केले आहेत, तेही मोफत. मूल आणि पालक शेजारी बसून ते पाहू शकतात.

यंत्र घरी आलं की पहिल्या दिवशी मराठी कळफलक सुरू करून द्या. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कळफलक आहे. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की देवनागरी उमटतं. इन्स्क्रिप्ट त्याहून जुना आणि सर्व भारतीय लिप्यांना समान असलेला कळफलक. तो शिकायला आठवडाभर जड जातो, पण एकदा बोटांत बसला की मराठी लिहिण्याचा वेग वाढतो, आणि सरकारी परीक्षांतही तो कामी येतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं काढलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे सुंदर देवनागरी टंक विनामूल्य आहेत, ते भरून द्या. मराठी माध्यमातली मुलं आजही प्रकल्पाचं शीर्षक मराठीत आणि आतला मजकूर कुठून तरी उचललेल्या इंग्रजीत लिहिताना दिसतात. मराठीत टंकणं अवघड वाटतं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, आणि ते एका संध्याकाळी दूर करता येतं.

वीस हजार हातात असतील तर माझा हिशेब असा: सतरा हजारांपर्यंत आठव्या जनरेशनचा कार्यालयीन लॅपटॉप, आणि उरलेले तीन हजार बाजूला, कारण वर्ष-दोन वर्षांत बॅटरी बदलावी लागेल. एवढ्यात बारावी पार पडते.

शेवटी एक विनंती, या अंकाच्या त्या वाचकांना जे कंपन्यांत, बँकांत, विमा कार्यालयांत काम करतात. २०२३-२४ च्या शासकीय यू-डायस अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच संगणक होते. तुमच्या कार्यालयात यंदा किंवा पुढच्या वर्षी लॅपटॉप बदलले जाणार असतील, तर लॉट व्यापाऱ्याकडे जाण्याआधी प्रशासन विभागात जाऊन विचारा. त्यातले दहा लॅपटॉप जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेला देता येतील का? देताना बायोसचा पासवर्ड काढा, कंपनीच्या यादीतून यंत्राचं नाव वगळा, जुना विदा पुसा, सातव्या जनरेशनच्या यंत्रांवर लिनक्स घाला, मराठी कळफलक सुरू करा आणि प्रत्येकासोबत त्याचा चार्जर द्या. शाळेतल्या एका शिक्षकाला पंखा साफ करायला आणि एसएसडी बदलायला शिकवून या. दुरुस्त करणारं कुणी शाळेत असेल तर ही यंत्रं आणखी चार-पाच वर्षं चालतात.